बोहनीचे आप्पा

फोन वाजत नाही तेव्हा स्टुडिओत बसलेल्या माणसाचं काय होतं, ते बाहेरच्याला कळायचं नाही. दिवे डोक्यावर तापलेले, कॅमेरा सुरू, पडद्याखालच्या पट्टीवर आमचा नंबर सरकतोय, आपण हसून म्हटलंय, "तर मंडळी, बोला, तुमचं म्हणणं काय?" आणि मंडळी ढिम्म.  पाणी प्यावं म्हटलं तर कॅमेरा बघतोय. मी पिंपरीतल्या एका लोकल केबल चॅनेलवर रोज संध्याकाळी सातला फोनवरच्या चर्चेचा कार्यक्रम चालवायचे. बरीच वर्षं चालवला. आता ते चॅनेलही उरलं नाही आणि केबल बघणारेही, पण सात वाजले की अजून माझा हात आपोआप पदर सारखा करायला जातो आणि घरातली पोरं हसतात.

मी दापोडीची. वडील कंपनीत फिटर, आणि माझा आवाज वस्तीतल्या भीमजयंतीच्या स्टेजवर तयार झालेला. माईक हातात आला की मला भीती म्हणून वाटायची नाही. भीती वाटायची ती गप्प बसलेल्या फोनची.

लोकांना वाटतं, चर्चेसाठी भांडणारी माणसं शोधणं अवघड. छे! भांडणारे ढिगानं मिळतात. अवघड असतो तो पहिला फोन. लग्नाच्या पंगतीत बघा, ताटं वाढलेली असतात, भूक सगळ्यांना लागलेली असते, पण पहिला घास कुणी घेत नाही. एकानं घेतला की मग वाढप्यांची पळता भुई थोडी. म्हणून पहिला फोन करणारा माणूस आम्ही घरचाच ठेवायचो. आमचा कॅमेरा, आवाज, फोन असं सगळं एकटा सांभाळायचा तो इरफान. त्याच्या वडिलांचं पिंपरी कॅम्पात चपलांचं दुकान, त्यामुळे त्याची भाषा दुकानदारीची. "मॅडम, आज बोहनीला कोण?" हा त्याचा रोजचा पहिला प्रश्न. यात कुणाला फसवेगिरी दिसत असेल तर दिसू दे बापडी. बोहनीनंतरचे सगळे फोन खरे असायचे, आणि कसले कसले असायचे!

सांगवीचे एक गृहस्थ होते. विषय अर्थसंकल्प असो की कांद्याचा भाव, ते तिसऱ्या वाक्याला त्यांच्या गल्लीतल्या बंद दिव्यावर यायचे. शेवटी दिवा लागला, तर त्यांनी तो दिवसासुद्धा चालू असतो म्हणून फोन करायला सुरुवात केली. चऱ्होलीच्या एक बाई फक्त माझ्या साड्यांबद्दल बोलायला फोन करायच्या. "काल तो जांभळा रंग कशाला नेसलात?" असं सगळ्या गावासमोर विचारायच्या आणि ठेवून द्यायच्या. चाकणच्या एका कंपनीतला पोरगा सेकंड शिफ्टला असला की संडासात जाऊन कुजबुजत बोलायचा. "मॅडम, लवकर बोलतो, सुपरवायझर बाहेर उभाय." त्याचं म्हणणं मात्र दरवेळी मुद्देसूद असायचं. मला तो फार आवडायचा.

या फोनांसाठी आमचा एकच नियम होता आणि तो मोडला की मी चिडायचे. टीव्ही बंद करा किंवा त्याच्यापासून लांब जा. टीव्हीवर आमचं बोलणं पोचायला थोडा उशीर लागतो, फोनवर लगेच पोचतं. दोन्ही एका खोलीत चालू असले की कानात शिट्टी वाजते आणि बोलणारा स्वतःचंच बोलणं ऐकून गडबडतो. "काका, टीव्हीचा आवाज बंद करा. काका, टीव्ही. अहो काका!" हे वाक्य मी आयुष्यात जेवढं बोललेय तेवढं नवऱ्याचं नावसुद्धा घेतलेलं नाही.

आमच्या सगळ्या बोहन्यांत सोपानआप्पा पहिल्या नंबरचे. चाकणच्या अलीकडच्या एका गावचे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माणसं चांगली आहेत आणि मला अजून त्यांच्या जत्रेला जायचं असतं. आप्पांची जमीन एमआयडीसीत गेली, मागच्या वावरात त्यांनी कामगारांसाठी खोल्यांची रांग बांधली आणि मग हातांना काम उरलं नाही. तोंडाला उरलं. पहिल्यांदा त्यांनी फोन केला तो माझ्याशी भांडायला. काय बोलले ते आठवत नाही, पण असं बोलले की इरफाननं काचेपलीकडून दोन्ही अंगठे वर केले.

त्यानंतर ते आमचे झाले. दुपारी मी विषय सांगायचा आणि त्यांनी विचारायचं, "ताई, आज कुटल्या अंगानं?"

"आज विरोधात, आप्पा."

"चालतंय की."

मेट्रोच्या बाजूनं बोलले, विरोधात बोलले. प्लास्टिकबंदी हवी म्हणाले, दुसऱ्या आठवड्यात नको म्हणाले. दोन्ही वेळा ऐकणाऱ्याला पटायचं. एकदा मी विचारलं, "आप्पा, तुमचं स्वतःचं मत काय?" तर म्हणाले, "ते तुमी विचारलंच न्हाई कदी." त्यांच्या घरात रेंज नसायची, म्हणून ते गच्चीवर जाऊन बोलायचे. एकदा मागं नातवाचं कार्टून ऐकू आलं आणि मी झापलं. तेव्हापासून ते गच्चीच्या दाराला गच्चीच्या बाजूनं कडी घालून बसायला लागले, कानात ते वायरीचे बोंडूक घालून. शिस्तीचा माणूस.

मग करोना आला. सगळं बंद पडलं आणि आमचं मरणपंथाला लागलेलं केबल चॅनेल जोरात चालायला लागलं. लोक घरात कोंडलेले, वाफ कुठंतरी निघायला पाहिजे होती. स्टुडिओत मी आणि इरफान दोघंच. पास दाखवत, तोंडाला फडकं बांधून रिकाम्या रस्त्यानं यायचं. तो हायवे तसा रिकामा मी जन्मात पाहिला नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, मला तो बघवत नव्हता.

विषय रोज तोच, कपडे बदलून यायचा. कंपन्या कधी सुरू करायच्या? कामाला जाणाऱ्यांना गावात येऊ द्यायचं का? भाडेकरूंनी राहायचं का जायचं? पहिल्या आठवड्यात अडचण अशी झाली की ज्याचा त्याचा फोन एकाच सुराचा. कंपनी सुरू करा, पगार बंद पडलेत, घरात बसून डोकं फिरलंय. आता सगळे एका बाजूला बसले तर नाव बुडणारच, तशी आमची चर्चा बुडायला लागली. मी आप्पांना फोन लावला.

"आप्पा, आज तुम्ही 'बंद'वाले."

"चालतंय की."

संध्याकाळी ते बोलले, "ताई, कंपनी बंद पडली तर उद्या चालू हुती. मानूस बंद पडला तर कोन चालू करनार?"

फोनच्या दोन्ही लाइनी कार्यक्रम संपेपर्यंत थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावातल्या पोरांनी कुणाच्यातरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स उलटा करून त्याच्या पाठीवर ते वाक्य रंगवलं आणि गावाच्या तोंडाशी लावलं. दोन दिवसांनी देवळासमोर लांब लांब बसून बैठक झाली आणि आप्पांना कमिटीचा मुख्य केलं. मग रस्त्यात बाभळीच्या फांद्या आल्या. मग आप्पांची स्वतःची ट्रॉली, मुरूम भरलेली, रस्त्यावर आडवी लागली. नियम असा, की बाहेरची गाडी आत यायची नाही, आणि कामासाठी बाहेर गेलेला माणूस परत यायचा नाही. माजी सरपंचांचा हिंजवडीतला जावई सासुरवाडीला राहायला आला होता, त्यालाही ट्रॉलीपासून परत पाठवला.

आप्पा रोज टीव्हीवर, आणि रोज 'बंद'च्याच अंगानं. मी बाजू बदलून द्यायला विसरले म्हणा, किंवा इतकी चांगली चाललेली गाडी कोण थांबवणार म्हणा. खेडपासून दापोडीपर्यंत लोक त्यांना 'बंदवाले आप्पा' म्हणायला लागले होते.

आणि एके दिवशी दुपारी त्यांनीच फोन केला. नेहमी मी करायचे.

"ताई, आज मला हरवा."

मला वाटलं, थट्टा करतायत. म्हटलं, "का हो, कंटाळलात?"

"थट्टा न्हाई. कुनीतरी आज मला टीव्हीवर हरवा. चांगला चारी मुंड्या चीत करा."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या खोल्यांत माधव आणि रेणुका असं एक जोडपं राहत होतं, परभणीकडचं. माधव दवाखान्यांना ऑक्सिजनचे सिलिंडर भरून देणाऱ्या कंपनीत कामाला. ती कंपनी एक दिवसही बंद नव्हती, कशी असेल? ट्रॉली लागली त्या दिवशी तो ड्यूटीवर होता, तो बाहेरच राहिला. कंपनीतच पुठ्ठे अंथरून झोपत होता. इकडं रेणुका एकटी, दिवस भरत आलेले. पायाला सूज, बीपी वाढलेलं. डॉक्टरणीनं बजावलं होतं की हिचं बाळंतपण घरात करायचं नाही, जिवाला धोका आहे. आणि रेणुका म्हणत होती, मी जाणारच नाही. एकदा ट्रॉलीपलीकडं गेले की परत येऊ देणार नाहीत, ओल्या बाळंतिणीनं मग कुठं जायचं? ॲम्ब्युलन्सला फोन केला तर गाडी मोकळी नाही म्हणत होते. मिळाली असती तरी ती ट्रॉलीपाशी थांबणार. तिथपर्यंत या पोरीनं चालत जायचं, सुजलेल्या पायांनी.

"अहो मग काढा की ट्रॉली!" मी ओरडलेच. "ट्रॉली तुमची, कमिटी तुमची!"

"कशी काडू? सरपंचाच्या जावयाला म्या म्हागारी लावलाय. आता माज्या भाडेकरनीसाटी काडली तर काय म्हनतील? नाक्यावरची पोरं तर म्हनतील, आप्पानं कंपनीकडनं खाल्लं. उद्या दुसरा दगड आनून टाकतील रस्त्यात, माजं ऐकनार न्हाईत." मग म्हणाले, "ताई, हरल्याल्या मानसाला गाव सांभाळून घेतं. फिरल्याल्याला न्हाई घेत."

मी हे आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. कार्यक्रमात हरायला कुणी तयार नसतो. हरलेला माणूससुद्धा जिंकलो म्हणून घरी जातो. आप्पा स्वतः होऊन मागत होते.

"रेणुकाला किती वेळ आहे?"

"सगुणा म्हनती, आज-उद्या." सगुणाकाकू म्हणजे त्यांची बायको.

मी कदमसाहेबांना गाठलं. कदमसाहेब युनियनचे जुने पुढारी, माणूस बावनकशी. कंपनीच्या गेटवर त्यांच्या एका शब्दानं दोन्ही शिफ्ट हलायच्या. मी त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, आज तुम्ही आप्पांना हरवायचं. ऑक्सिजन भरणाऱ्या कामगारालाच गाव आत घेत नाही, एवढा एक मुद्दा धरला तरी पुरे. ते म्हणाले, "काळजी करू नका. आपण या ठिकाणी मुद्देसूद मांडणी करू." मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

सात वाजले. एका लाइनीवर आप्पा गच्चीत, दुसऱ्यावर कदमसाहेब घरात, आणि बाकीच्यांसाठी इरफाननं कुठूनतरी तिसरी लाइन जुळवलेली. मी विषय मांडला आणि कदमसाहेबांकडं दिला. त्यांनी सुरुवात केली. "या ठिकाणी मी सर्वप्रथम चॅनेलचे आभार मानतो. कामगार चळवळीच्या इतिहासाकडं या ठिकाणी पाहिलं असता..." इतिहास सुरू झाला तो संपेचना. गेटवर जो आवाज लोखंड वाकवायचा, तो फोनवर गेला की अहवाल वाचल्यासारखा व्हायचा. मी दोनदा ऑक्सिजनकडं आणलं, दोनदा ते ठरावांकडं गेले.

आणि आप्पांना वळण पडलेलं! समोरून ढिला चेंडू आला की हात आपोआप जातो तसं झालं. "कदमसाहेब, तुमच्या ठरावानं ताप उतरतो का?" बस्स. तिसऱ्या लाइनीवर फोनांची झुंबड. निगडीहून एक म्हणे, आप्पा बरोबर बोलतात. आळंदीहून एक म्हणे, आमच्या गावातपण ट्रॉली लावणार. माझा तो चाकणचा कुजबुजणारा पोरगा, कंपनी बंद म्हणून घरी बसलेला, तोसुद्धा मोठ्यानं म्हणाला, "आप्पा, एक नंबर!"

जाहिरात लावली आणि मी आप्पांची लाइन कानात घेतली. "अहो आप्पा, हरा की!"

"हरतो हो! पन ते बोलत्यात बगा कसं. पडायला तरी समोर पैलवान नको का?"

"नुरा कुस्ती लावलीय आपण! पडा नुसते!"

"पडतो, पडतो. दुसऱ्या भागात पडतो."

दुसरा भाग सुरू झाला. कदमसाहेब आता जागतिक परिस्थितीवर होते. आप्पा त्यांना दर वाक्याला आडवं घेत होते, आवाज चढलेला, पहिल्यापेक्षा रंगात. एका क्षणी त्यांचा आवाज थोडा लांब गेला, मग परत स्वच्छ आला. मी सारखी घड्याळाकडं बघत होते. हा कार्यक्रम आप्पांनी जिंकून संपला, तर उद्या दहा गावांत ट्रॉल्या लागणार होत्या, आणि त्या पोरीचं काय होणार होतं ते मला विचारसुद्धा करवत नव्हतं.

तेवढ्यात कानात इरफान. "मॅडम, लाइन तीन घ्या. लगेच घ्या. आप्पांच्या मिसेस आहेत."

"काय?"

"नाव विचारलं तर म्हणतायत, गच्चीवर जो म्हातारा बोंबलतोय त्याची बायको. मॅडम, घ्या!"

मी घेतली. सवयीनं तोंडातून तेच गेलं, "बोला ताई, तुमचं म्हणणं काय?"

"माजं म्हननं काय बी न्हाई!" बाईंना धाप लागली होती. "त्यास्नी सांगा, दार उघडा म्हनावं! केव्हाची बडवतीया मी. खालनं हाका मारल्या, पोरं वरडली, फोन लावला तर लागंना. शेवटी तुमचा नंबर टीवीवर दिसला, त्यो परत दारापाशी येऊन फिरवला."

"काकू, काय झालंय?"

"रेणुकाला कळा लागल्यात. डोळ्यापुढं अंधारी येतीया म्हनती, उलट्या व्हत्यात. खोलीतनं आनून माज्या सोप्यात निजवलीय. आन हे वर बसून जगाला वाचवत्यात!"

 मी म्हटलं, "आप्पा, ऐकताय ना?"

"ताई, ही माजी..."

"आवो ताईशी काय बोलता! माज्याशी बोला!" काकूंचा आवाज फाटला. "ट्रॉली तुमची हाय का दुसऱ्या कुनाची? मंग काडा की! ती पोर माज्या दारात गेली तर मी तोंड कुनाला दावू? तुमी बसा टीवीवर, तुमाला काय!"

आणि फोनवर शांतता. माझ्या सगळ्या नोकरीत मी ज्या शांततेला भ्याले, तीच. इरफानचं बोट जाहिरातीच्या बटणावर गेलेलं दिसलं. मी मान हलवून नको म्हटलं. बोलायला माझ्याकडं काही नव्हतं, आणि बोलू नये एवढं तरी मला कळलं.

"काडतो," आप्पा म्हणाले. एवढंच, आणि इतकं हळू की काकूंनाही ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

मग कडी वाजली. ती आम्हाला दोनदा ऐकू आली, एकदा आप्पांच्या फोनमधून आणि एकदा काकूंच्या. दाराच्या दोन्ही अंगांना दोघं उभी होती. फोन बंद करायचं आप्पांना सुचलं नाही, तो खिशात तसाच. सगळ्या पिंपरी-चिंचवडनं जिना उतरल्याचा आवाज ऐकला, "कुठं हाय ती?" ऐकलं, एका पोरीचं विव्हळणं ऐकलं, आणि मग ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. त्या घरघरीत पुढचं काही कळेना.

"ताई," दुसऱ्या लाइनीवर कुणीतरी खाकरलं. मी कदमसाहेबांना विसरूनच गेले होते. "मी कदम. मी मघाशीच घरच्या फोनवरून सिलिंडरच्या कंपनीत बोललोय. मॅनेजर ओळखीचा आहे. त्यांची गाडी गावाकडं निघालीय, माधव गाडीत आहे. दवाखान्यातही सांगून ठेवलंय." एकाही वाक्यात 'या ठिकाणी' नव्हतं. मी त्यांना तिथंच, सगळ्यांसमोर हात जोडले.

पुढचं मला नंतर कळलं. नाक्यावर बसलेली पोरं मोबाईलवर आमचाच कार्यक्रम बघत होती. आप्पा ट्रॅक्टर घेऊन पोचले तोवर त्यांनी बाभळीच्या फांद्या ओढून बाजूला केल्या होत्या. हात रक्ताळलेले. त्यांच्यातला सगळ्यात कडक जो होता, ज्यानं सरपंचांच्या जावयाला दम भरला होता, तो आप्पांना म्हणाला, "हरला राव आप्पा तुमी!" आणि सगळी पोरं हसायला लागली. "काकूंपुढं कुनाचं चालतंय?" कंपनीकडून खाल्लं असं कुणाच्या तोंडातून निघालं नाही. बायकोपुढं हरलेल्या माणसाला कोण काय म्हणणार, प्रत्येकाच्या घरी तेच. ट्रॉली निघाली, गाडी आत आली, माधव उडी मारून उतरला आणि रेणुकाला घेऊन गाडी दवाखान्याकडं गेली. काकू बरोबर गेल्या. कमिटीची परवानगी वगैरे कुणी विचारली नाही.

ती रात्र मी कशी काढली ते लिहीत नाही. सकाळी काकूंचा फोन आला. "पोट फाडून काडली, पन पोरगी झाली. दोगी बऱ्या हायत." हुश्श! मी फोन ठेवला आणि हुंदके देऊन रडायला लागले. त्या दिवसांत फोन ठेवून कुणी रडलं की घरात एकच अर्थ निघायचा. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, "कोण गेलं गं? कोण गेलं?" मी म्हटलं, "कोणी नाही हो, कोणी आलंय." मग त्याही रडायला लागल्या. करोनाच्या दिवसांतलं आमच्या घरातलं तेवढं एक चांगलं रडणं.

माधव, रेणुका आणि बाळ गावाच्या शाळेत काही दिवस वेगळे राहिले आणि मग खोलीवर आले. त्यांचा डबा घराघरातून जात होता. कडक पोरगा पाणी भरायचा. ट्रॉली परत रस्त्यावर लागली नाही. येणाऱ्याजाणाऱ्याचा ताप बघायला पोरं टेबल टाकून बसायला लागली, ते जास्त शहाणपणाचं होतं. शेजारच्या गावांतही, ट्रॉली लावायला निघालेल्यांना त्यांच्या घरच्या बायकांनी म्हणे आधीच विचारलं, की तुमचं काय, हरायला टीव्हीवर जायचंय का?

माझी मात्र पंचाईत झाली. हे सगळं मी घडवून आणलं असंच सगळ्यांनी धरलं. नाशिकफाट्याला पास बघणारा पोलीस मला म्हणाला, "मॅडम, ती बाई तुमचीच ना? काय ॲक्टिंग केली हो!" मी शपथेवर सांगितलं की नाही. तो हसून म्हणाला, "बरं बरं, जावा." इतकी वर्षं बोहन्या बसवल्या तेव्हा कुणाला संशय आला नाही आणि एक फोन खरा आला तर तोच खोटा ठरला.

बंदोबस्त सैल झाल्यावर आप्पा एका दुपारी स्टुडिओत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही एकमेकांना प्रत्यक्ष बघत होतो. आवाजावरून मला धिप्पाड माणूस वाटला होता, हे तर हडकुळे निघाले. मुलगी झाली म्हणून बर्फी आणली होती. इरफाननं एक तुकडा उचलला आणि विचारलं, "आप्पा, काकूंना तुम्हीच शिकवून ठेवलं होतं ना? आम्हाला तरी सांगा."

आप्पांनी नाही म्हणून मान हलवली. मी म्हटलं, "दुसऱ्या भागात पडतो म्हणाला होतात. काकूंचा फोन आला नसता तर कधी पडणार होतात?"

त्यांनी बर्फीच्या खोक्याचा दोरा बोटाला गुंडाळला.

"खरं सांगू का ताई? दार वाजत हुतं ते म्या ऐकलं हुतं. तुमच्याकडं आवाज जाऊ नये म्हनून मी आनखी लांब, पार टाकीजवळ जाऊन बसलो. फोनावर फोन येत हुते, सगळे माजं नाव घेत हुते. आपल्याला हरायचंय, हेच मी इसरून गेलो हुतो."